भिंतीवर उजेड पाडताना

मराठीत ‘उजेड पाडणे’ हा वाक्प्रचार कौतुकासाठी कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. निकालाच्या दिवशी बाप पोराला विचारतो, ‘काय उजेड पाडलास?’ तेव्हा उत्तराची अपेक्षा नसते, आणि निवडून गेलेल्या माणसाने पाच वर्षांत काय उजेड पाडला हे विचारणाऱ्याला उत्तर आधीच पाठ असतं. अशा भाषेच्या मुलखात आता काही मंडळी आली आहेत, जी सार्वजनिक इमारतींवर खरोखरचा उजेड पाडतात, त्याला कला म्हणतात आणि वर बिलही लावतात. प्रोजेक्शन मॅपिंग म्हणतात याला. इमारतीचं इंच न् इंच माप घ्यायचं, संगणकात तिची हुबेहूब जुळी उभी करायची, कुठे खिडकी, कुठे कमान, कुठे कंगोरा ते सगळं त्यात बसवायचं, त्या बेताने हलती चित्रं रचायची, आणि रात्री समोरून प्रोजेक्टर लावून ती चित्रं इमारतीच्या अंगावर बेतलेल्या झग्यासारखी चढवायची. नेम चांगला बसला, तर दगडाला पाझर फुटतो, खांब वेलीसारखे वळतात, खिडक्या पापण्या मिटतात. नेम चार बोटं चुकला, तर पापणी खिडकीच्या शेजारी मिटते आणि इमारत लकवा झाल्यासारखी दिसते. या कलेशी माझं भांडण नाही. तक्रार एवढीच की महाराष्ट्रात तिला चुकीच्या इमारतींवर राबवलं जातंय. तिची हक्काची जागा मुंबईच्या अपोलो बंदरावर, गेटवे ऑफ इंडियापाशी नाही. ती घोटीला आहे.

घोटी म्हटल्यावर निम्मे वाचक ‘टोलनाक्याचं का?’ असं विचारतील, कारण मुंबई-आग्रा महामार्गावरून जाणाऱ्याची घोटीशी ओळख पावतीपुरतीच होते. उरलेल्यांपैकी काही कळसूबाईला किंवा भंडारदऱ्याला जाताना इथे वळलेले असतात, आणि वळण घेण्याला ते गाव पाहणं समजतात. रेल्वेनेही काही वेगळं केलेलं नाही. इगतपुरी आणि नाशिकरोड यांच्यामध्ये घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली ही स्टेशनं आहेत, पण लांबच्या गाड्या घोटीचा फलक अशा वेगाने ओलांडतात की शेवटचं अक्षर वाचायला मान वळवावी लागते. वास्तविक घोटी ही तांदळाची पेठ. इगतपुरी तालुक्याचं भात इथल्या गिरण्यांत भरडलं जातं आणि मग ज्यांनी घोटी कधी पाहिली नाही त्यांच्या ताटात पडतं. असं गाव, ज्याला सगळे ओलांडतात आणि कुणी बघत नाही, ते बघायला लावण्याच्या कलेला मिळालं तर त्यात बिघडलं काय? पण हा मुद्दा भावनेचा झाला, आणि भावनेवर अनुदान मिळत नाही. तेव्हा आधी दगडमातीचं बोलू.

प्रोजेक्टरचा उजेड भिंतीवर पडतो, आणि डोळ्याला दिसतो तो भिंतीने परत केलेला उजेड. म्हणजे या धंद्यात खरी कलावंत भिंत असते. पांढऱ्या, रखरखीत गिलाव्यावर उजेड टाकला तर त्यातला तीन चतुर्थांश किंवा जास्तच परत येतो. काळ्या पाषाणावर टाकला तर जेमतेम दहावा हिस्सा. बाकीचा पाषाण गिळतो आणि पोचही देत नाही. आता आपल्या अभिमानाच्या इमारती मोजा. त्र्यंबकेश्वराचं देऊळ काळ्या दगडाचं, नाशिकचा काळाराम नावापासूनच काळा, सह्याद्रीतले किल्ले तर सह्याद्रीच्याच रंगाचे. पूर्वजांनी बांधताना दोनशे वर्षांनी कुणी यावर व्हिडिओ दाखवेल याचा विचार केलेला दिसत नाही. मुंबईची स्थिती थोडी बरी. गेटवे ऑफ इंडियाचा बेसॉल्ट पिवळसर आहे. १९२४ साली खुल्या झालेल्या या कमानीवर २०२३ च्या सुरुवातीला इंडियन ऑइलच्या पैशातून प्रकाश-ध्वनीचा कायमचा खेळ सुरू झाला, आणि स्वातंत्र्याची गोष्ट त्या कमानीवर उमटू लागली, जी कमान मुळात पाचव्या जॉर्ज बादशहाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधली होती. यातला विनोद इतका सरळ आहे की त्याला माझी गरज नाही. एकेकाळच्या व्हीटी स्टेशनची गोष्ट वेगळी. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुकाराने १८८८ मध्ये पुरी केलेली ही इमारत म्हणजे दगडातली चिवडाभेळ: मोर, माकडं, सिंह, वाघ, पानं, वेली, मनोरे, आणि घुमटाच्या डोक्यावर हात उंचावून उभी असलेली ‘प्रगती’. इतके दागिने अंगावर असलेल्या बाईला वर रंगीत झोतांचं कुंकू लावायचं म्हणजे दागिनेही दिसत नाहीत आणि कुंकूही. राष्ट्रीय सणाला तिच्यावर केशरी, पांढरा, हिरवा प्रकाश सोडतात तेव्हा छान दिसते, पण ती रोषणाई झाली. तिथे चित्राला जागाच शिल्लक नाही.

या उलट आपल्या बांधकाम खात्याची भिंत घ्या. घोटीच कशाला, कुठल्याही तालुक्यातला दवाखाना, पंचायत, विश्रामगृह, शाळा डोळ्यांसमोर आणा. सपाट. नक्षी नाही, कोनाडा नाही, कसलाही विचार नाही. रंग फिकट पिवळा, किंवा त्याच्या अलीकडचा तो सरकारी रंग, ज्याला अजून मराठीत नाव सापडलेलं नाही. तळाशी कमरेएवढा गेरूचा तांबडा पट्टा, म्हणजे पावसाचा चिखल आणि पानाची पिचकारी दोन्ही अंगभूत वाटावीत. वर एक छज्जा, खिडक्यांना उभे गज, आणि कोपऱ्यातून खाली उतरलेला पावसाच्या पाण्याचा पाइप, जो जमिनीच्या दोन हात वरच संपतो. सौंदर्यदृष्टीने या वास्तुशैलीची सत्तर वर्षं टवाळी झाली आहे. पण प्रोजेक्टरच्या दृष्टीने पाहा: फिकट रंग, चमक नसलेला सिमेंटचा रंग, मोठा सलग पृष्ठभाग, कमी खिडक्या. जगभरचे मॅपिंगवाले अशी भिंत शोधत हिंडतात. आपल्या बांधकाम खात्याने कसलाही गाजावाजा न करता महाराष्ट्रभर हजारो पडदे बांधून ठेवले आहेत आणि त्यांना इमारती समजून आत कर्मचारी बसवले आहेत. दोन अडचणी मात्र मान्य करायला हव्यात. पहिली गेरूच्या पट्ट्याची. लाल रंगावर हिरवा उजेड टाकला की त्याचा चिखल होतो, त्यामुळे चित्रातलं हिरवंगार भातशेत पट्ट्यावर उतरलं की आवणीच्या दिवसांतल्या खाचरासारखं दिसेल. घोटीत ही चूक ठरणार नाही, याला तपशील म्हणतील. दुसरी अडचण कोनशिलेची. प्रवेशाशेजारी काळ्या, गुळगुळीत, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत मा. ना. अमुक यांच्या शुभहस्ते, मा. तमुक यांच्या अध्यक्षतेखाली. काळं पॉलिश उजेड विखरत नाही, म्हणून तिथे चित्र उमटणार नाही. सगळी भिंत झळाळेल, आणि मान्यवरांवर तेवढा उजेड पडणार नाही. याला इलाज नाही, हे पदार्थविज्ञान आहे.

भिंत ठरली, तर तिच्यावर दाखवायचं काय? इथे परदेशी नमुने बिनडोकपणे आणले तर फजिती होते. या कलेतला सर्वांत गाजलेला खेळ प्रागमधला. २०१० साली तिथल्या खगोलशास्त्रीय घड्याळाला ६०० वर्षं झाली म्हणून ‘द मॅक्युला’ या गटाने घड्याळाच्या मनोऱ्यावर चित्रं सोडली. मनोऱ्याच्या विटा एकेक करून निखळल्या, भिंतीवरून पाऊस ओघळला, मनोरा कोसळला आणि पुन्हा उभा राहिला. तेव्हापासून जगात कुठेही जा, इमारतीला भेगा पडणं, विटा ढासळणं, छतातून पाणी येणं हा या खेळाचा ठरलेला मसाला झाला आहे. प्रागकरांना त्याचं अप्रूप वाटतं, कारण त्यांचा मनोरा सहाशे वर्षं उभा आहे. आपल्याकडे सार्वजनिक इमारतीला भेगा पडताना दाखवल्या तर प्रेक्षक त्याला कल्पनाशक्ती म्हणणार नाहीत. चहाच्या टपरीवर बसलेला कुणीतरी भेगेची रुंदी पाहून काम कुठल्या साली झालं ते सांगेल. आणि छतातून पाणी? घोटीत ते जुलैत प्रोजेक्टरवाचून येतं, आवाजासकट. जे रोज दिसतं ते खर्च करून दाखवू नये, हा कलेचा पहिला नियम. म्हणून घोटीच्या सरकारी भिंतीवर अद्भुत दाखवायचं असेल तर उलट दाखवावं लागेल: भेगा बुजताहेत, ओल वाळते आहे, पाइप जमिनीपर्यंत पोचतो आहे, आणि कामाच्या फलकावरची ‘काम पूर्ण करण्याची मुदत’ या ओळीसमोर तीच तारीख आहे जी काम पूर्ण झाल्याच्या ओळीसमोर आहे. एवढं पाहिल्यावर टाळ्या थांबणार नाहीत.

कुणी म्हणेल, हे परदेशी फॅड आहे, आपल्या मातीत रुजायचं नाही. हा आक्षेप घेणाऱ्याला आपली माती माहीत नाही. सिनेमा जगात यायच्या आधी, १८९२ साली, कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला होता. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग, आणि दोन-तीन कंदील एकमेकांत मिसळून हलवले की रामायण-महाभारतातली पात्रं पडद्यावर हातपाय हालवायची. सोबत निवेदन, सोबत गाणं. नाव मायावी शंबरासुराच्या घराण्यातलं, आणि उच्चार असा की तिकीट मागतानाच अर्धी करमणूक व्हावी. ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात व्हायला अजून चार वर्षं होती. त्याच्याही मागे जायचं तर पिंगुळीच्या ठाकरांनी चामड्याच्या बाहुल्यांमागे दिवा धरून सावल्या नाचवल्या, त्याला कुणी फॅड म्हटलं नाही. घोटीला तर याहून जवळचा वारसा आहे. डोंगरापलीकडच्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचं रोप कुंडीत लावून त्याची वाढ एकेका चित्राने टिपली होती. काही दिवसांची वाढ मिनिटाभरात पडद्यावर. भांडवल मिळवण्यासाठी लोकांना दाखवायला त्यांनी ते केलं, आणि भांडवल मिळालं. वाटाणा उगवताना बघून पैसे सोडणारे लोक या देशात होते, ही गोष्ट मला ‘राजा हरिश्चंद्र’हून मोठी वाटते. पुढे फाळके यंत्रं बैलगाडीत घालून गावोगाव खेळ करत फिरले. म्हणजे अंधारात बसून समोरच्या उजेडाकडे तोंड करून बघण्याचा शोध या टापूला नवा नाही. फाळक्यांना वाटाणा पुरला, घोटीला भात आहे. राब भाजण्यापासून आवणी, सोंगणी, झोडणी ते गिरणीतल्या पांढऱ्या दाण्यापर्यंत भाताचं अख्खं वर्ष गिरणीच्याच भिंतीवर दहा मिनिटांत घडवा. मुंबईच्या माणसाला ते दाखवायला हवं, कारण त्याच्या मते तांदूळ पाच किलोच्या पिशवीत पिकतो.

आता पैशाचा आक्षेप, जो या देशात प्रत्येक चांगल्या आणि वाईट गोष्टीवर घेतला जातो आणि दोन्ही वेळा बरोबर असतो. गावात खड्डे असताना भिंतीवर कोट्यवधींचा उजेड कशाला? हिशेब करून बघू. असे मोठे खेळ वीस ते तीस हजार ल्युमेनच्या प्रोजेक्टरवर चालतात. ते लग्नात घोडा आणतात तसे भाड्याने आणावे लागतात, आणि त्यांचं भाडं ऐकून घोडा स्वस्त वाटतो. जिल्हा परिषदेच्या डिजिटल शाळेत लोकवर्गणीतून आलेला असतो तो प्रोजेक्टर साधारण तीन हजार ल्युमेनचा. दहा मीटर रुंद, आठ मीटर उंच भिंत धरली तर ऐंशी चौरस मीटर. मोठ्या प्रोजेक्टरने तिच्यावर अडीचशे लक्सच्या पुढे उजेड पडेल, शाळेतल्याने सदतीस. सदतीस म्हणजे फार कमी, असं वाटतं. पण चांगल्या दिव्यांच्या रस्त्यावर रात्री दहा ते तीस लक्स असतात. थोडक्यात, शाळेच्या प्रोजेक्टरला जो प्रतिस्पर्धी आहे, तो चौकातला हायमास्ट. तो विझवला तर सदतीस लक्स राजासारखे दिसतात, तो चालू ठेवला तर वीस हजारवालाही केविलवाणा होतो. म्हणजे खर्चाचा प्रश्न मुळात बटणाचा आहे. या कलेला उजेड थोडा लागतो, अंधार फार लागतो. आणि इथेच खरी गोम आहे, कारण आपल्याकडे उजेडासाठी निधी मिळतो, अंधारासाठी मिळत नाही. हायमास्टला आमदार निधी आहे, खांबावर नावाची पाटी आहे, नारळ आहे. हायमास्ट विझवण्याचं उद्घाटन अजून कुणी केलेलं नाही. पूर्वी भारनियमनाच्या काळात वीज कंपनीने गावोगावी हा अंधार सहा-सहा, आठ-आठ तास मोफत पुरवला होता. तेव्हा आपण तिला शिव्या दिल्या. जगातलं सर्वांत मोठं उघडं प्रेक्षागृह अंधार करून तयार होतं आणि प्रोजेक्टर लावायला वीज नव्हती, ही शोकांतिका लिहायला ग्रीक लोक हवेत.

पाऊस हा पुढचा अडथळा, आणि घोटीत तो आक्षेप म्हणून येत नाही, अध्यक्ष म्हणून येतो. इगतपुरी तालुक्यात चार महिने आभाळ जमिनीला टेकलेलं असतं. प्रोजेक्टरला पेटी करावी लागेल, वायरींना उंचावर घ्यावं लागेल, आणि प्रेक्षक छत्र्या उघडून बसले की मागच्यांना छत्र्यांचाच खेळ दिसेल. पण धुकं मात्र शत्रू नाही. उजेडाची वाट स्वच्छ हवेत दिसत नाही. ती दिसायला हवेत काहीतरी तरंगावं लागतं. परदेशात त्यासाठी धुराची यंत्रं लावतात, पाण्याचे बारीक फवारे उडवून त्यांचा पडदा करतात आणि त्यावर चित्रं दाखवतात. स्वातंत्र्यदिनाला आपल्याकडेही धरणांच्या सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्यावर तिरंगी झोत सोडतात, आणि पाणी तीन रंगांत उतरताना बघायला माणसं गाड्या करून जातात. घोटीत पावसाळ्यात धुकं घाटातून स्वतः चालत येतं, भाडं मागत नाही, आणि हंगामात गिरण्यांच्या आसपास तुसाची बारीक धूळ असते ती वेगळीच. पावसाळ्यात धुकं, हिवाळ्यात कोंडा. प्रोजेक्टरमधून निघालेला झोत भिंतीपर्यंत जाताना दिसेल. लहान पोरांना भिंतीपेक्षा तोच जास्त आवडेल आणि ती त्यात हात घालून भिंतीवर कुत्रा, ससा, कावळा करतील. कलेत प्रेक्षकांचा सहभाग कसा वाढवावा यावर मुंबईत चर्चासत्रं होतात. घोटीत तो अडवायला दोन होमगार्ड लागतील.

यातला गंभीर आक्षेप काजव्यांचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. घोटीहून पुढे भंडारदऱ्याच्या बाजूला, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत झाडंच्या झाडं काजव्यांनी एका तालात पेटतात आणि विझतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर: झाडाचा आकार पुरता जपून, पानाबाहेर एक ठिपका न जाऊ देता. नेम कधी चुकत नाही, संगणक लागत नाही, आणि हे सगळं ते माद्यांसाठी करतात, अनुदानासाठी नाही. ते बघायला येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलचे टॉर्च त्या इशाऱ्यांत ढवळाढवळ करतात. उजेडाने उजेड मरतो, याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. तेव्हा या टापूत नवा उजेड आणायचा, तर तो वाढवून आणता येणार नाही. त्या दिवसांत मुळीच नको, जंगलाच्या दिशेने कधीच नको, आणि इतर वेळी दहा मिनिटांच्या खेळासाठी तासभर बाकीचे दिवे बंद, असा सौदा असेल तरच हिशेब जमतो. उलट्या टोकाचा नमुना आपण मिरवणुकांत पाहिलाच आहे. लेझरचे झोत थेट माणसांच्या डोळ्यांत सोडण्याला आपण उत्सव म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पडदा भाजलेली तरुण पोरं जाऊ लागली, आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुण्यात पोलिसांना लेझरवर बंदी घालावी लागली. भिंतीवर उजेड पाडणं आणि डोळ्यांत उजेड पाडणं यातला फरक कळायला खरं म्हणजे डोळ्यांच्या पडद्याचा बळी द्यायची गरज नव्हती.

उरला प्रश्न ठरवणार कोण हा. भिंत सार्वजनिक, म्हणजे सगळ्यांची, म्हणजे व्यवहारात ज्याचा माणूस आत बसलाय त्याची. सिडनीत २०१८ च्या ऑक्टोबरात ऑपेरा हाउसच्या पांढऱ्या शिडांवर सरकारच्या परवानगीने एका घोड्यांच्या शर्यतीची जाहिरात दाखवायचं ठरलं. लाखो लोकांनी विरोधात सह्या केल्या, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग जाहिरातीच्या रात्री माणसं जमली आणि त्यांनी आपापले टॉर्च काढून जाहिरातीवर मारले. चित्र फिकं पडलं. दगडफेक नाही, काळं फासणं नाही, उजेडाला उजेडाने उत्तर. घोटीकरांना तर टॉर्चही लागणार नाही, महामार्गावरचा एखादा ट्रकवाला हाय-बीम मारून उभा राहिला तरी टीका पोचेल. याच्याही आधी, १९८५ साली, क्रिझ्टॉफ व्होडिच्को या पोलिश कलावंताला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात नेल्सनच्या खांबावर चित्रं टाकायची परवानगी मिळाली होती. त्याने एक प्रोजेक्टर हळूच वळवला आणि समोरच्या दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीच्या माथ्यावर नाझींचं स्वस्तिक उमटवलं. वर्णभेदाचे दिवस होते. दोनेक तासांनी पोलिसांनी ते थांबवलं. भिंतीला ओरखडाही उठला नव्हता, पण ती इमारत नंतर कुणाला पूर्वीसारखी दिसली नसेल. ही ताकद आहे म्हणूनच आपल्याकडे ती वापरू दिली जाणार नाही. मंजूर खेळाची रूपरेषा मी आत्ताच सांगू शकतो: आधी स्वागताची नावं मानाच्या क्रमाने, मग क्रम चुकल्याबद्दल दिलगिरी, मग दुरुस्त क्रमाने पुन्हा नावं, मग कमळ किंवा घड्याळ किंवा जे चिन्ह त्या वर्षी भिंतीत राहायला असेल ते, आणि आभार मानायच्या आत जनरेटरचं डिझेल संपलेलं. तरीसुद्धा मी या कलेच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण एकच. पुतळा बसला की बसला, कमान उभी राहिली की ट्रक अडकेपर्यंत उभी, फ्लेक्स तर वाढदिवस उलटून माणूस पुढच्या वयात गेला तरी फडकत असतो. सार्वजनिक जागी लावलेल्या गोष्टींमध्ये उजेड हा एकच प्रकार असा आहे, जो वाईट निघाला तर सकाळी भिंतीवर नसतो.

तेव्हा समजा, घोटीतल्या काही उत्साही मंडळींनी हे मनावर घेतलं आणि रीतसर परवानगी मागितली. भिंतीसाठी बांधकाम खात्याकडे अर्ज जाईल. जोडणीसाठी वीज कंपनीकडे. गर्दीसाठी पोलीस ठाण्यात. झोत रस्ता ओलांडतो म्हणून महामार्गवाल्यांकडे, आणि महामार्गवाले विचारतील की उजेड रस्ता ओलांडताना किती उंचीवरून ओलांडणार, आणि त्याला टोल लागू होतो का. हे सगळं सुटेल, कारण या प्रत्येक गोष्टीला एक खिडकी आहे. अडेल ते शेवटच्या अर्जावर: दिनांक अमुक रोजी रात्री आठ ते नऊ या वेळेत मुख्य चौकात अंधार मिळणेबाबत. अंधार कुणाच्या अखत्यारीत येतो, याचा शासन निर्णय नाही. पंचायत तो अर्ज वीज कंपनीकडे वर्ग करील. वीज कंपनी कळवील की सदर सेवा यापूर्वी नियमित दिली जात होती, तथापि ती मागणीनुसार देण्याची तरतूद नाही. अर्ज तहसीलला जाईल, तिथून प्रांताकडे, तिथून अभिप्रायार्थ पुन्हा पंचायतीत, आणि गेरूच्या पट्ट्याच्या वर, ओल धरलेल्या भिंतीशी टेकलेल्या कपाटात तो काही महिने राहील. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर शेरा मारून तो परत येईल: अंधाराचा नमुना तीन प्रतींत जोडून फेरसादर करावा.